युतीचा करार मतदानाआधी छापा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रमुख आणि प्रदेशाध्यक्ष यांस,



२०१९पासून या राज्यात सरकार बदलले की लोकांच्या तोंडी एकच आरोप येतो, विश्वासघाताचा. तो कोणी केला याचे उत्तर मात्र माणसागणिक वेगळे मिळते. भाजपच्या मतदाराच्या लेखी तो २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शिवाजी पार्कवर झाला, उद्धव ठाकरे यांनी काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या साथीने शपथ घेतली तेव्हा. ठाकरे यांच्या मतदाराच्या लेखी तो जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले तेव्हा झाला. शरद पवार यांच्या मतदाराला विचाराल तर तो अजित पवार सत्तेत सामील झाले ती २ जुलै २०२३ ही तारीख सांगेल. काहींचा राग २३ नोव्हेंबर २०१९च्या ‘पहाटेच्या’ शपथविधीवर अजून आहे (राष्ट्रपती राजवट पहाटे उठवली गेली, शपथ सकाळी आठच्या सुमारास झाली, पण नाव पडले ते पडलेच). आणि हिशेब थेट १९७८च्या पुलोदपर्यंत मागे नेऊन पाठीतल्या खंजिराची आठवण काढणारेही काही कमी नाहीत. प्रत्येक गट इतिहास आपल्याला सोयीच्या दिवसापासून सुरू करतो आणि त्याआधीचे सारे विसरतो. ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवर झाली, ‘काय झाडी, काय डोंगार’ घराघरात पोहोचले, तीनचाकी रिक्षावर विनोद झाले. हसून झाले, चिडून झाले. पण कोण खरे आणि कोण खोटे याचा निवाडा आजतागायत झालेला नाही, आणि सध्याच्या रीतीने तो कधी होणारही नाही. कारण ज्या करारावरून हे सगळे भांडण आहे तो करार मतदाराने कधी पाहिलेलाच नाही. म्हणून या पत्रातली मागणी एवढीच आहे: निवडणुकीआधी युती किंवा आघाडी करणार असाल, तर तिच्या अटी लेखी करा, त्यावर सह्या करा आणि मतदानाआधी त्या जाहीर करा.

भांडणाच्या मुळाशी जाऊ. १८ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईत भाजप आणि शिवसेना यांच्या नेत्यांनी संयुक्त पत्रकार परिषद घेतली. लोकसभेला भाजप २५ आणि शिवसेना २३ जागा लढवेल, विधानसभेला मित्रपक्षांच्या जागा वगळून उरलेल्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातील, आणि सत्ता आल्यावर पदे व जबाबदाऱ्या समसमान वाटून घेतल्या जातील, असे सांगण्यात आले. पुढे ऑक्टोबरात विधानसभेचे जागावाटप झाले तेव्हा शिवसेनेच्या वाट्याला १२४ जागा आल्या. म्हणजे जाहीरपणे सांगितलेले निम्मे-निम्मेही आठ महिने टिकले नाही. तरी त्यावर फार आरडाओरडा झाला नाही. खरा वाद उठला तो २४ ऑक्टोबरच्या निकालानंतर, जाहीर न झालेल्या गोष्टीवरून. भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा मिळाल्या. दोघांचे मिळून १६१, बहुमताचा आकडा १४५. आकड्यांची अडचण नव्हतीच. ‘पदे समसमान’ यात मुख्यमंत्रिपद येते की नाही, एवढ्यावर गाडी अडली. मातोश्रीवर अमित शहा यांच्याशी बंद दाराआड झालेल्या चर्चेत अडीच-अडीच वर्षांचा शब्द दिला गेला होता, असे उद्धव ठाकरे सांगत राहिले. असा शब्द दिलाच नव्हता, उलट देवेंद्र फडणवीसच मुख्यमंत्री होतील असे आम्ही प्रचारात उघडपणे सांगत होतो आणि तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, असे शहा सांगत राहिले. एका खोलीतली चर्चा आणि तिच्या दोन आवृत्त्या. त्यातून १२ नोव्हेंबरची राष्ट्रपती राजवट आली, सुमारे ऐंशी तासांचे सरकार आले, महाविकास आघाडी आली, मग शिवसेना फुटली, मग राष्ट्रवादी फुटली. सर्वोच्च न्यायालय, निवडणूक आयोग आणि विधानसभा अध्यक्ष यांच्यापुढे वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या. धनुष्यबाण कोणाचा, घड्याळ कोणाचे, व्हिप कोणाचा खरा, हे सगळे तपासले गेले. त्या खोलीत काय ठरले होते हे मात्र कुठल्याच पीठासमोर आले नाही आणि येऊ शकतही नव्हते, कारण तपासायला कागदच नव्हता.

मुंबई-पुण्यात एक खोली भाड्याने घ्यायची तर अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागतो. राज्य पाच वर्षे चालवायला घेताना तेवढाही कागद नको, हे आपल्याला विचित्र वाटत नाही, याचेच नवल आहे. बरे, कागदाची किंमत आपल्याला कळत नाही असे मुळीच नाही. एबी फॉर्मवर योग्य माणसाची सही नसेल तर उमेदवाराचे पक्षचिन्ह जाते हे आपण जाणता. त्या एका कागदासाठी शेवटच्या तासापर्यंत काय धावपळ चालते हे गल्लीतल्या कार्यकर्त्यालाही ठाऊक असते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला तेव्हा मंत्रिपद अडीच वर्षांसाठीच आहे असे सत्ताधारी नेत्यांनी आपल्या आमदारांना बजावले, आणि शिंदे यांच्या पक्षाने मंत्र्यांकडून तशी प्रतिज्ञापत्रे घेतल्याच्या बातम्या आल्या. स्वतःच्या मंत्र्याच्या तोंडी शब्दावर पक्षाचा विश्वास नसेल, तर मतदाराने पक्षाच्या तोंडी शब्दावर का ठेवावा?

आता एक गोष्ट आपल्या बाजूने मान्य करायला हवी. महाराष्ट्राच्या मतदाराला आघाडीचे राजकारण मुळातच नकोसे आहे, असे दिसत नाही. १९७८च्या फेब्रुवारीत दोन काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या आणि मार्चमध्ये वसंतदादांच्या नेतृत्वाखाली एकत्र आल्या. १९९५ मध्ये युतीला ७३ आणि ६५ मिळून १३८ जागा होत्या आणि सरकार अपक्षांच्या आधाराने पाच वर्षांच्या उंबरठ्यापर्यंत चालले. १९९९चे उदाहरण तर सगळ्यात बोलके आहे. सोनिया गांधींच्या विदेशी मुळाच्या प्रश्नावर जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली, सप्टेंबरमध्ये काँग्रेसविरुद्ध लढली आणि ऑक्टोबरमध्ये त्याच काँग्रेसच्या मुख्यमंत्र्याखाली सत्तेत बसली. टीका झाली, व्यंगचित्रे निघाली. पण ते सरकार पूर्ण मुदत टिकले आणि २००४ मध्ये हीच आघाडी पुन्हा निवडून आली. २०१४ मध्ये युती निवडणुकीआधीच तुटली, शिवसेना महिनाभर विरोधी बाकांवर बसली आणि डिसेंबरात सत्तेत सामील झाली. तेही लोकांनी फारसे मनाला लावून घेतले नाही. मग २०१९ नंतरच एवढा संताप का? माझ्या मते फरक एकच आहे. १९९९ आणि २०१४ मध्ये जे एकत्र आले ते मते मागताना एकत्र नव्हते. त्यांनी मतदाराला जोडीने काही सांगितले नव्हते, त्यामुळे त्यांच्या जोडीने काही मोडलेही नाही. २०१९ मध्ये दोघांनी एका व्यासपीठावरून मते मागितली. भाजपच्या मतदाराने धनुष्यबाणावर आणि शिवसेनेच्या मतदाराने कमळावर शिक्का मारला तो दोघांचे मिळून सरकार येईल या भरवशावर. मोडला गेला तो हा भरवसा. म्हणून निवडणुकीनंतर जुळणाऱ्या आघाड्या आणि निवडणुकीआधी जाहीर झालेल्या आघाड्या यांना एकाच मापाने मोजू नये. दुसऱ्या प्रकारात मतदार करारातला तिसरा पक्ष असतो, आणि त्यालाच कराराची प्रत मिळत नाही.

निवडणूकपूर्व आघाडीचे फायदे आपण पुरेपूर घेता. मते एकमेकांकडे वळतात, बंडखोर शांत केले जातात, प्रचाराचा खर्च वाटला जातो. त्यापलीकडे घटनात्मक प्रथेचाही फायदा आहे. त्रिशंकू स्थितीत राज्यपालांनी प्रथम कोणाला बोलवावे याचा जो क्रम सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये सुचवला, त्यात पहिले स्थान निवडणूकपूर्व आघाडीला आहे. पुढे पुंछी आयोगानेही अशा आघाडीला एकच पक्ष मानावे असे म्हटले. म्हणजे आघाडी म्हणून मानाचे पान मिळते, आणि जबाबदारी मात्र शून्य. एखादा आमदार पक्ष सोडतो तेव्हा दहावे परिशिष्ट त्याला जाब विचारते (निदान कागदोपत्री विचारते, प्रत्यक्षात काय होते ते आपल्याला चांगले माहीत आहे). पण अख्खा पक्ष निवडणूकपूर्व आघाडीतून बाहेर पडून समोरच्या बाकावर गेला, तर त्याला एक ओळीचे स्पष्टीकरणही कोणाला द्यावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की आघाडी ही कायद्याला ठाऊक नसलेली, सैल गोष्ट आहे, तिची नोंद कशी होणार? तर ती नोंद महाराष्ट्रात कित्येक वर्षांपासून होते आहे, फक्त मुंबईच्या विधानभवनात होत नाही. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ या आपल्याच कायद्यात ‘आघाडी’ हा शब्द व्याख्येसह आहे. महापालिकेचा निकाल लागला की नगरसेवकांचे गट विभागीय आयुक्तांकडे नोंदवले जातात. मुंबई-ठाण्याकडे गटनोंदणीसाठी कोकण भवनाच्या फेऱ्या सुरू होतात. निवडणुकीनंतर जुळलेल्या आघाडीलाही ठराविक मुदतीत नोंदणी करता येते आणि एकदा नोंदणी झाली की तिच्या सदस्यांना निवडणूकपूर्व आघाडीचेच नियम लागू होतात. व्हिप मोडला तर नगरसेवकपद जाते. म्हणजे उल्हासनगरचा नगरसेवक स्थायी समितीसाठी कोणाबरोबर बसला आहे याचा सरकारी दप्तरी कागद असतो आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद कोणी कोणाला कबूल केले होते याचा नसतो. या कायद्याचाही पालिकांमध्ये भरपूर खेळ केला जातो, गट नोंदवताना कुरघोड्या होतात, हे मला माहीत आहे. तरी नोंद असल्यामुळे निदान भांडण कशावर आहे ते कळते.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. संसदीय पद्धतीत लोक आमदार निवडतात, सरकार निवडत नाहीत; परिस्थिती बदलली तर प्रतिनिधींना नवी जुळवाजुळव करण्याची मोकळीक हवी; सह्यांच्या बेड्या घातल्या तर पक्ष भ्रष्ट किंवा मुजोर मित्राबरोबरही अडकून पडतील. हे म्हणणे मला बरेचसे पटते. म्हणूनच विधी आयोगाने १९९९च्या १७०व्या अहवालात जे सुचवले, निवडणूकपूर्व आघाडीला पक्षांतरबंदीपुरता एकच पक्ष मानावे, ते मी मागत नाही. त्याने छोटा पक्ष मोठ्याच्या दावणीला कायमचा बांधला जाईल आणि आमदाराच्या गळ्यात आधीच असलेल्या व्हिपच्या फासाला आणखी एक पीळ बसेल. बाहेर पडण्याची वाट मोकळीच असावी. पण ती वाट कुठे आहे हे आधी लिहिलेले असावे. मुख्यमंत्री कसा ठरेल: जास्त जागा ज्याच्या त्याचा, की आधीच ठरलेले नाव, की मुदत वाटून? मंत्रिपदांचे प्रमाण काय? ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली, म्हणजे आपल्याकडे जास्तीत जास्त ४३. ती कोणत्या सूत्राने वाटणार? विधानसभा अध्यक्षपद कोणाकडे राहील आणि ते रिकामे झाले तर काय? मतभेद झाले तर कोण बसून सोडवणार? आणि साथ सोडायचीच वेळ आली तर कारणे आधी सभागृहात सांगितली जातील की परराज्यातल्या हॉटेलातून? एवढे लिहून सही करायला दोन पानेही पुरतात.

अध्यक्षपदाचा मुद्दा मी मुद्दाम घातला आहे, कारण न लिहिलेल्या अटीची किंमत तिथे सगळ्यात स्पष्ट दिसली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभा अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. काँग्रेसच्या वाट्याचे पद काँग्रेसने सोडले, तर ते पुन्हा काँग्रेसकडेच जाणार की वाटप नव्याने होणार, यावर मित्रपक्षांत कुरबूर चालू राहिली. अध्यक्षाच्या निवडणुकीच्या नियमावरून राज्यपाल आणि सरकार यांच्यातला वादही त्यात मिसळला. परिणाम असा की १७ महिने महाराष्ट्राच्या विधानसभेला अध्यक्ष नव्हता, आणि जून २०२२ मध्ये बंड झाले तेव्हा अपात्रतेच्या नोटिसा उपाध्यक्षांना काढाव्या लागल्या. ३ जुलैला नव्या बहुमताने राहुल नार्वेकर यांना निवडले. पुढे ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चूक ठरवले, व्हिप नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे असे सांगितले, ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांना परत आणता येणार नाही असेही सांगितले, आणि अपात्रतेचा निर्णय नव्या अध्यक्षांवरच सोपवला. तो १० जानेवारी २०२४ रोजी आला. कोणीच अपात्र ठरले नाही. आघाडीतल्या एका पदाबद्दल लेखी स्पष्टता असती तर हा सगळा क्रम वेगळा झाला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण अध्यक्षाची खुर्ची दीड वर्ष रिकामी ठेवणे ही चैन आघाडीला परवडली नाही, एवढे नक्की.

तिसरी हरकत आपल्यापैकी आज सत्तेत असलेल्यांकडून येईल: लोकांनी २०२४ मध्ये कौल दिला, विषय संपला. कोणता कौल? जूनमध्ये लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, तेव्हा ‘जनतेने गद्दारांना धडा शिकवला’ असे एका बाजूने म्हटले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या; समोरच्या तिघांना मिळून ४६. तेव्हा दुसऱ्या बाजूने म्हटले, जनतेने खरा पक्ष कोणता ते सांगितले. पाच-सहा महिन्यांत त्याच मतदाराने २०२२च्या घटनेवर दोन परस्परविरुद्ध निकाल दिले असे मानायचे असेल तर मानावे. मला वाटते, दोन्ही वेळा मतदार बऱ्याच वेगळ्या गोष्टींवर मत देत होता: कांदा, सोयाबीन, संविधान, आरक्षण, लाडक्या बहिणीचे दीड हजार. तो फोडाफोडीवर मत देऊ शकला नाही याचे कारण सरळ आहे. २०१९ ते २०२४ या काळात मोठ्या पक्षांपैकी दिलेला शब्द न मोडलेला एकही पर्याय त्याच्यापुढे नव्हता. एकट्या अजित पवार यांनी पाच वर्षे आणि दोन आठवड्यांत चार वेळा उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तीन वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांबरोबर. शिक्षा करायची तर कोणत्या बटणाने करायची? २०१९ला लातूर ग्रामीणमध्ये नाराज मतदारांनी एक बटण शोधले होते. युतीत ती जागा शिवसेनेला सुटली, भाजपचे कार्यकर्ते नाराज होते, आणि तिथे ‘नोटा’ २७ हजारांहून अधिक मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिला. शिवसेनेचा उमेदवार त्याच्याही मागे. जागावाटपावर मतदाराची प्रतिक्रिया काय असते याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

आणि २०२४च्या मोठ्या बहुमतानंतर काय झाले? महायुतीने निवडणुकीआधी मुख्यमंत्र्याचे नाव जाहीर केले नव्हते, महाविकास आघाडीनेही नव्हते. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, शपथविधी ५ डिसेंबरला झाला, विस्तार १५ डिसेंबरला, खातेवाटप त्यानंतर आणखी आठवडाभराने. १८ जानेवारीला पालकमंत्र्यांची यादी आली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली. तीन चतुर्थांशाहून जास्त जागा असलेल्या आघाडीची ही अवस्था. २०२२ला तर ३० जूनपासून ९ ऑगस्टपर्यंत ऐन पावसाळ्यात राज्याला मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री एवढे दोनच मंत्री होते. या वेळकाढूपणाचा खर्च पक्षाच्या खात्यातून जात नाही.

‘लेखी दिले म्हणून कोणी पाळणार आहे का?’ हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. शेजारच्या गोवेकरांनी याची परीक्षा देवांसमोर घेऊन पाहिली. २०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिरात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. त्यांच्यातल्या एका माजी मुख्यमंत्र्यांनी आपण देवाला पुन्हा विचारून आलो असे सांगितले. देवाची परवानगी तपासता येत नाही, हीच त्या शपथेची अडचण होती. छापील करार वेगळा असतो. २००४ मध्ये संपुआचा किमान समान कार्यक्रम जाहीर झाला होता. चार वर्षांनी अणुकरारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला तेव्हा हा विषय कार्यक्रमात नव्हता, हा त्यांचा मुद्दा कोणालाही पडताळून पाहता येत होता. तो पटला की नाही हा पुढचा प्रश्न. पण २२ जुलै २००८ला लोकसभेत २७५ विरुद्ध २५६ मतदान झाले ते उघड कारणांवर. त्याआधी १९९९ मध्ये रालोआने निवडणुकीपूर्वीच एक संयुक्त जाहीरनामा काढला, भाजपने स्वतःचा वेगळा काढला नाही, राममंदिर आणि कलम ३७० त्यातून वगळले. आवडो न आवडो, काय मिळणार आणि काय मिळणार नाही हे मतदाराला माहीत होते, आणि डझनावारी पक्षांचे ते सरकार टिकले. जर्मनीत २०१७च्या सप्टेंबरातल्या निवडणुकीनंतर सरकार यायला पुढचा मार्च उजाडला, पण करार छापून निघाला आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाने तो साडेचार लाखांहून अधिक सदस्यांच्या टपाली मतदानाला टाकला; ६६ टक्क्यांनी होकार दिला. तिथले पुढचे आघाडी सरकार लेखी करार असूनही नोव्हेंबर २०२४ मध्ये कोसळले, हेही खरे. कागद संसार टिकवत नाही. मोडला कोणी आणि कशासाठी, एवढे तो सांगतो, आणि आपल्याकडे नेमके तेवढेच हवे आहे. महाविकास आघाडीनेही २०१९ला किमान समान कार्यक्रम काढला होता, पण तो निकालानंतर आणि शपथविधीच्या दिवशी. त्यात कर्जमाफी होती, दहा रुपयांचे जेवण होते, पण पदांच्या वाटपाचा तिढा कसा सोडवायचा ते नव्हते.

राहिला प्रश्न व्यवहाराचा. उमेदवाराने गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करावे अशी सूचना २००२ मध्ये आली तेव्हा बहुतेक सगळे पक्ष एकमुखाने विरोधात होते. कायदा बदलून ती रोखण्याचा प्रयत्नही झाला. मार्च २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हाणून पाडला. आज ते प्रतिज्ञापत्र भरणे आपल्या उमेदवारांना नित्याचे झाले आहे. जाहीरनाम्यांबाबतही २०१३च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत भर घातली. आघाडीच्या कराराबाबत आयोगाला तसे करता येईल, पण आयोगाने सांगेपर्यंत आपण थांबण्याचे कारण नाही. वाटाघाटी खुशाल बंद दाराआड करा. तिथे काय बोललात यात लोकांना रस नाही. काय ठरले, ते मात्र दाराबाहेर आणा.

पुढची विधानसभा निवडणूक २०२९ मध्ये आहे, म्हणजे घाईचे कारण सांगता येणार नाही. उमेदवारी अर्ज भरण्याच्या पहिल्या दिवसाआधी आपल्या युतीचा किंवा आघाडीचा करार सर्व घटक पक्षांच्या प्रमुखांच्या सह्यांनिशी मराठीत प्रसिद्ध करा, त्याची प्रत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्या, आणि एकटे लढणार असाल तर निकालानंतर कोणाबरोबर जाणार नाही एवढे तरी लिहून द्या. जो पक्ष हे करणार नाही, त्याच्या उमेदवाराला प्रचारसभेत आणि दारावर आल्यावर मतदारांनी तो कागद मागावा, ही विनंती मी या पत्राच्या प्रत्येक वाचकालाही करतो.

आपला,
महाराष्ट्रातील एक मतदार